एका बोअरचे तीन नमुने

नोकरीत मी काय करत होतो हे नव्या माणसाला सांगायची वेळ आली की मी ‘भूजल गुणवत्ता’ वगैरे शब्द जुळवायला लागतो आणि माझी बायको आतूनच सांगून टाकते, ‘बाटल्या भरायचे.’ खोटं नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले हातपंप, बोअर आणि विहिरी हिंडून मी आयुष्यभर बाटल्या भरल्या. त्यांना चिठ्ठ्या लावल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. मग पाणी पिण्यालायक आहे की नाही हे कागदावर उतरायचं. कागदावर सही करणारे वेगळे, पण बाटलीत पाणीच चुकीचं आलं तर त्या सहीला काडीची किंमत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. एका बोअरचं प्रकरण मात्र अजून डोक्यात नीट बसलेलं नाही, म्हणून लिहायला घेतलं.

बाटली भरायला काय अक्कल लागते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका ठिकाणाहून आम्ही साधारण तीन बाटल्या घ्यायचो. पहिली साधी. ती त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची. दुसरी जंतूंसाठी, निर्जंतुक करून आणलेली. ती अजिबात विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, आणि भरायच्या आधी पंपाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने भाजून घ्यायचं. तिसरी धातूंसाठी. तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे, म्हणजे पाण्यातलं लोह किंवा शिसं बाटलीच्या कडेला चिकटून न बसता पाण्यातच राहतं. तीन बाटल्यांची तीन सोवळी-ओवळी, आणि एकीचा नियम दुसरीला लावला की सगळं मुसळ केरात.

माहूरला एकदा गडाच्या वाटेवरच्या हातपंपाचं तोंड मी असंच भाजत होतो. मागे वळून पाहतो तर देवीला आलेल्या पाच-सहा बायका हात जोडून उभ्या. मी काहीतरी पूजा करतोय असा त्यांचा समज. मी सांगायच्या आतच एकीने पुढे होऊन पंपाच्या तोंडाला हळदीकुंकू लावलं. झालं, मला पुन्हा बोळा पेटवावा लागला आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. शेवटी मला खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून मिळाला. त्या पंपाचा अहवाल चांगला आला हे इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर माझ्यावर दोष यायचा.

गंमत सोडली तर या कामात जिवाशी खेळ होता. विहिरीवर एकट्याने वाकायचं नाही आणि बंद पडलेल्या विहिरीत तर कोणी कितीही आग्रह केला तरी उतरायचं नाही, कारण खाली साचलेला वायू दिसत नाही. त्याहून मला धाक ॲसिडचा. मुखेडकडे एका भर दुपारी मी ॲसिडची बाटली जीपच्या बॉनेटवर ठेवून चिठ्ठ्या लिहीत बसलो होतो. आमचे ड्रायव्हर मुजीबभाई तहानेने कासावीस होऊन आले आणि ती बाटली उचलून झाकण फिरवायला लागले. दिसायला ते पाण्यासारखंच. मी असा काही ओरडलो की बाटली त्यांच्या हातून पडली आणि बॉनेटचा रंग जाऊन पांढरा चट्टा उरला. तेव्हापासून ॲसिड लागलेल्या प्रत्येक बाटलीला मी लाल चिकटपट्टी लावायला लागलो, आणि मुजीबभाई घरून आणलेल्या पाण्यालाही आधी वास घेऊन पाहायला लागले. ‘साब, पानी तपासने का काम, और पानीच से डर लगता,’ असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

एवढे सगळे नियम मी पाळले. एक मात्र माझ्या हाताने कधी नीट पाळला नाही, आणि या लिखाणाचं कारण तोच आहे. बोअरमध्ये आणि पाइपात जे पाणी साचून राहिलेलं असतं ते जमिनीच्या पोटातलं खरं पाणी नसतं. म्हणून नमुना घेण्याआधी पंप किंवा मोटार चांगली दहा मिनिटं चालवून ते पाणी सोडून द्यायचं आणि मग येणारं ताजं पाणी बाटलीत धरायचं. सांगायला सोपं आहे. पण मी लातूरजवळच्या दुष्काळी औशाचा. तांदळाच्या धुवणाने भांडी आणि भांड्यांच्या पाण्याने झाडं अशा घरात वाढलेलो. माझ्यासमोर दहा मिनिटं पाणी मातीत जातंय आणि मी घड्याळ बघत उभा आहे, हे मला जमायचंच नाही. मी आधी बायकांना घागरी लावायला सांगायचो. घागरी भरल्या की हात आपोआप बटणाकडे जायचा. दहाची पाच झाली, पाचाची दोन झाली, टंचाईच्या साली तर अर्ध्या मिनिटावर काम भागायला लागलं. रजिस्टरात मात्र मी न चुकता ‘दहा मिनिटं’ लिहायचो. मी एकटाच असा नव्हतो. आमच्या भागातले आम्ही सगळेच असे होतो, पण इतरांचं इतर सांगतील.

असंच एक टंचाईचं साल चालू होतं. उदगीरच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातून मल्लिकार्जुन नावाचा तरुण कार्यालयात आला. लिंगायत घर, उदगीरच्या मोंढ्यात धान्याचा व्यापार आणि राहायला गावाबाहेर मळ्यात. त्याला तीन महिन्यांची मुलगी होती. तिच्या आईला, भाग्यश्रीला, बाळंतपणानंतर विषमज्वर झाला आणि दूध आटलं, म्हणून मुलगी पावडरच्या दुधावर होती. रडली की तिचे ओठ आणि नखं निळसर दिसायची. उदगीरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती की घरचं पाणी तपासून घ्या.

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी मळ्यात गेलो. घराची कर्ती बाई म्हणजे मल्लिकार्जुनची आई. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. बाळाला कोणतं पाणी देता, असं मी विचारलं. ‘बोअरचंच,’ अव्वा म्हणाल्या. टँकरचं पाणी कुठून येतं, कोण भरतं, देव जाणे, ते वापरायला ठीक, पण लेकराच्या पोटात नको, असं त्यांचं म्हणणं. बोअरला दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास पाणी होतं. छतावरची टाकी टँकरने भरून घ्यायचे. ती फार लवकर रिकामी होते, टँकरवाला पाणी कमी टाकतो, अशी मल्लिकार्जुनची तक्रार होती. ती मी ऐकली आणि सोडून दिली.

बोअरपाशी पाइपाचा जोड मोकळा केला आणि मोटार लावली. पाणी खळखळ मातीत पडायला लागलं. समोर गोठ्यात जनावरं माना वर करून बघत होती. कोणी थांबा म्हणालं नाही. मीच म्हणालो, ‘बास, पुरे.’ बाटली तीनदा विसळली, भरली, चिठ्ठी लावली. जाताना एक रिकामी बाटली त्यांच्याकडे ठेवली, लागली तर असावी म्हणून.

अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य. नायट्रेटची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम, याचं त्याच्या पुष्कळ खाली. मी मोठ्या आनंदाने फोन करून सांगितलं, आणि आपल्याकडून काही कमी नको म्हणून सल्लाही दिला की तरी लहान लेकरू आहे, पाणी चांगलं वीस मिनिटं उकळून द्या.

आठ-दहा दिवसांनी मल्लिकार्जुन प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात मी ठेवलेली बाटली. मुलगी लातूरला दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरांनी पाण्याचा कागद पाहिला, पाणी चांगलं आहे म्हणून बाजूला ठेवलं आणि हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. घरात मात्र कोणाचं मन मानत नव्हतं, म्हणून अव्वांनी पुन्हा बाटली भरून पाठवली होती. अहवालांवर सही करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी त्याच दिवशी ती तपासायला घेतली. नायट्रेट मर्यादेच्या जवळजवळ चौपट.

नायट्रेट म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. शेणाचे उकिरडे, शोषखड्डे, शेतातला युरिया यांतून ते जमिनीत झिरपतं. पाण्याला ना रंग येतो, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तात ते गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेत नाही आणि बाळ निळं पडतं. हे मला पाठ होतं. तरी चौपट आकडा ऐकून माझ्या मनात पहिला विचार बाळाचा आला नाही, बाटलीचा आला. नायट्रिक ॲसिड म्हणजे स्वतःच नायट्रेट. ते लागलेल्या बाटलीत शुद्ध पाणी भरलं तरी आकडा आभाळाला जाईल. त्या उन्हाळ्यात माझ्या लाल पट्ट्या सुटून पडत होत्या. मी मॅडमना सांगितलं, ‘बाटली ॲसिडची गेली असणार. माझीच चूक.’

मॅडमनी विचारलं, लिटमस कागदाची पट्टी बुडवून पाहिली का? ॲसिड असतं तर पट्टी लाल झाली असती, अर्ध्या मिनिटाचं काम. मी पाहिली नव्हती. तोवर उरलेलं पाणी ओतून बाटली धुवायला गेली होती. मॅडमचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी ‘नमुना बाद’ असं लिहिलं. आपली चूक स्वतःहून कबूल करणारा माणूस म्हणून त्या दिवशी मला माझं कौतुकही वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते.

लातूरच्या डॉक्टरांनी मग आमच्या कागदाचा नाद सोडून मुलीचं रक्त पाहिलं. ते तपकिरी निघालं. त्यांनी औषध दिलं, दवाखान्यातल्या पाण्यावर मुलगी सुधारली. आणि एका संध्याकाळी मला भाग्यश्रीचा फोन आला. तोवर तिचा माझा एक शब्द झाला नव्हता.

‘साहेब, डाक्टर म्हणतेत पाण्याबिगर असं व्हत न्हाई. तुमचा एक कागद म्हणतो पाणी चांगलं हाय, दुसरा तुमीच रद्द केला. उद्या दुपारी आमाला दवाखान्यातून सुट्टी हाय. मी लेकराला कोणतं पाणी पाजू, तेवढं सांगा.’

उद्या सांगतो म्हणून मी फोन ठेवला. साहेब मी नव्हतोच कधी, पण त्या बाईला ते कसं सांगणार? डोक्यात नुसता गोंधळ उडाला होता. बोअर एक आणि आकडे दोन. डॉक्टर खरे असतील तर माझा पहिला नमुना खोटा, पण तो तर मी माझ्या हाताने भरलेला.

सकाळी उजाडताच मुजीबभाईंना घेऊन मळ्यात पोचलो. बरोबर जागेवर तपासायची पेटी होती. तिच्यात नळीतल्या पाण्यात पूड टाकायची, थांबायचं, नायट्रेट असेल तसा गुलाबी रंग चढतो. टाकीचं पाणी पाहिलं. रंग असून नसल्यासारखा. मग बोअरची मोटार लावली, आजवर करत आलो तसं पाणी घेतलं. तेही फिकं. पुन्हा केलं. पुन्हा फिकं. मुजीबभाईंनी नळी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘साब, पानी तो अच्छा दिखरा. फिर बच्ची को क्या हुआ?’ मी त्यांच्यावर उगीचच खेकसलो.

तेवढ्यात अव्वा न्हाऊन ओल्या लुगड्यानेच आल्या. हातात घासलेली तांब्याची कळशी आणि गाळायचं फडकं. मला बाजूला व्हायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता स्वतःचं काम सुरू केलं. बोअरच्या जोडाला त्यांनी एक लांब पाइप लावला, त्याचं दुसरं टोक जनावरांच्या हौदात सोडलं आणि मोटार चालू केली. मग कठड्यावर बसून बोटांच्या पेरांवर जप करायला लागल्या. पाणी हौदात पडत राहिलं. एकशे आठ झाले तेव्हा त्या उठल्या, पाइप काढला आणि फडक्यातून कळशी भरून घेतली. मी घड्याळ बघत होतो. अकरा मिनिटं झाली होती.

कोणत्या पुस्तकात हे वाचलं, असं मी विचारणार होतो. त्याऐवजी विचारलं, रोज असंच का? अव्वा म्हणाल्या, पहिलं पाणी बसकं, साचून राहिलेलं असतं, ते जनावरांना, मागून येतं ते देवाला, त्यांच्या सासूने असंच शिकवलेलं. लिंगपूजेला हेच पाणी, आणि नात आल्यापासून तिच्या दुधालाही याच कळशीतलं. मल्लिकार्जुनबरोबर पाठवलेली बाटलीही यातूनच भरलेली.

मी त्यांच्याकडे नळीभर पाणी मागितलं. त्यांनी कळशीला माझा हात लागू दिला नाही, वरून ओतलं. पूड टाकली. बघता बघता नळी गर्द गुलाबी झाली. माझा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा मुजीबभाईंच्या हातून करवलं. तोच रंग. तिसऱ्या नमुन्याला बाद म्हणायला माझ्याजवळ काहीच कारण उरलं नव्हतं.

मग टाकीपाशी गेलो आणि उलगडा झाला. बोअरचा पाइप टाकीच्या तळाला जोडलेला होता, आणि पाणी मागे येऊ नये म्हणून असते ती झडप झिजलेली. मोटार बंद झाली की टाकीतलं टँकरचं पाणी थोडं थोडं पाइपातून बोअरमध्ये उतरायचं. टाकी म्हणूनच लवकर रिकामी व्हायची. मोटार लावल्यावर पहिली काही मिनिटं तेच पाणी वर यायचं. मी तपासलं ते टँकरचं पाणी होतं. पत्ता बोअरचा, पाणी टँकरचं, आणि खाली लिहिलेलं ‘दहा मिनिटं’.

त्याहून वाईट गोष्ट मला मग आठवली. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच मागे राहतं, म्हणजे उलट दाट होतं. वीस मिनिटं उकळा, असं मी सांगितलं होतं. अव्वांनी तेही जपासारखंच मोजून केलं होतं.

मी तिथूनच भाग्यश्रीला फोन केला. बोअरचा थेंबही बाळाला देऊ नका, टँकरचं पाणी एक उकळी आणून द्या, एवढंच सांगितलं. तिने ‘हाव’ म्हटलं आणि फोन ठेवला. कार्यालयात जाऊन मॅडमना सगळं सांगितलं, रजिस्टरातल्या दहा मिनिटांसकट.  त्यांनी पहिला अहवाल रद्द करून नवा काढला आणि माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. तो मी दिला.

आठवड्याने, हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून बोअरला लाल रंग मारायला मी स्वतः गेलो, तसं ते माझं काम नव्हतं. मुलगी घरी होती, ओसरीत झोळीत. ओठ कुणाही लेकराचे असतात तसे लाल. भाग्यश्रीने चहा दिला आणि हळूच सांगितलं, ‘अव्वा लेकराच्या बाटलीला हात लावंनात. पाण्याला बी न्हाई. माज्या हातानं नको म्हणतेत. तुमीच सांगा त्यास्नी.’

अव्वा खांबाला टेकून बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो आणि जमेल तसं सांगितलं. पाणी खोलातलंच वाईट होतं. उकळायला मी सांगितलं. कागद मी चुकवला. तुमची काही चूक नाही. तुम्ही पाणी जसं भरत होता तसंच भरायला आम्हाला शिकवलेलं असतं, ते मी केलं नाही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजे तुमी चुकीचं भरलं, म्हणून पाणी चांगलं निगालं.’

‘हो.’

‘आन मी बराबर भरलं, म्हणून लेकरू निळं पडलं.’

 यात कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण बोट ठेवावं अशी जागा सापडत नव्हती. आजही सापडलेली नाही. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि तेही जमलं नाही.

तेवढ्यात मुलगी उठून रडायला लागली. भाग्यश्रीने निवलेल्या पाण्याची किटली आणि दुधाची रिकामी बाटली आणून अव्वांच्या पुढ्यात ठेवली आणि ती झोळीकडे गेली. अव्वा तशाच बसून राहिल्या. रडणं वाढलं. शेवटी त्यांनी किटली उचलली. पहिली धार बाटलीच्या तोंडाबाहेर सांडली.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘बगा बरं, बराबर भरून राहिले का मी.’

मी पुढे सरकून बाटली धरली आणि पाण्याकडे बघत राहिलो. पाण्याकडे नुसतं बघून काही कळत नाही हे माझ्याएवढं दोन जिल्ह्यांत कोणाला माहीत नसेल. मी म्हणालो, ‘हाव अव्वा, बराबर.’